मेनशीट ओढताना दम निघतो, 6:1 करू का? (मदत हवी आहे)

वारेमाप:
होडी जुनी आहे, फायबरची, पण अजून ठणठणीत. फक्त मेनशीटने (मुख्य शीड आत-बाहेर करायचा दोर) वैताग आणलाय. वारा जरा वाढला की ओढताना खांदे भरून येतात, आणि सोडायला जावं तर दोर कप्पीतच अडून बसतो. सध्या 4:1 आहे, म्हणजे कप्प्यांमुळे हाताच्या जोराचा चौपट. 6:1 च्या नव्या कप्प्या टाकतोय. कुठल्या मापाच्या घेऊ आणि दोर किती लांब लागेल, एवढंच सांगा. सुट्टी लागायच्या आत बसवायचंय, तेव्हा जरा लवकर.

सुकाणू:
एवढंच कसं सांगणार? होडी किती फुटी? मेनचं (मुख्य शिडाचं) क्षेत्रफळ किती? मेनशीट बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) टोकाला आहे की मध्यावर? ट्रॅव्हलर (खालची कप्पी आडवी सरकवायची पट्टी) आहे का?

दोरखंड:
डोळे झाकून 6:1 करा. मी केलंय, एका हाताने ओढतो. लोक उगाच फाटे फोडतात.

जुना_खलाशी:
दोरखंडराव, फाटे नाहीत, हिशोब आहे. प्रत्येक चाकावर घर्षण थोडं थोडं खातं. दर चाकाला दहा टक्के गेले, तर ओढताना 4:1 चं हातात जेमतेम 3:1 उरतं. त्यात आणखी दोन चाकं घातली की जोर वाढेल, पण घर्षणही वाढेल. शिवाय बूम 1 मीटर आत घ्यायला 4 ऐवजी 6 मीटर दोर ओढायचा. पायाशी गुंता होणार तो वेगळाच, आणि जोराचा झोत आला की तेवढाच दोर बाहेर पळायला हवा. यांची मूळ तक्रारच दोर सुटत नाही ही आहे!

दोरखंड:
माझा सुटतो.

वारेमाप:
17 फुटी. मेन साधारण 10 चौ. मी. बाकी सगळं नेहमीचंच, सगळ्यांकडे असतं तसं.

सुकाणू:
सगळ्यांकडे तसं नसतं हो. टोकाला की मध्यावर?

वारेमाप:
मध्यावर. खाली कॉकपिटच्या तळाला फिरता स्टँड आणि त्यावरच कॅम क्लीट (दोर दातांत पकडून ठेवणारा चिमटा). ट्रॅव्हलर नाही. आता तरी माप सांगा.

सुकाणू:
हेच आधी सांगायचं. टोकाऐवजी मध्यावरून ओढलं की त्याच शिडासाठी जवळपास दुप्पट भार येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर भार चौपट. म्हणजे जड लागणं अगदीच अनैसर्गिक नाही, पण 10 चौ. मी. ला 4:1 ने खांदे भरून यायला नकोत. दोर किती जाडीचा आहे?

निळाई:
रॅचेट कप्पी लावा! भार आला की चाक एकाच दिशेने फिरतं, कडकड वाजतं आणि दोर धरून ठेवतं. मी लावल्यापासून हातमोजे घालायचे सोडले.

जुना_खलाशी:
रॅचेट उत्तम, पण ती धरायला मदत करते, ओढायला नाही. दोराने चाकाला पुरेसा वेढाही घ्यायला हवा, नाहीतर पकडच येत नाही. आणि हलक्या वाऱ्यात खटका बंद ठेवायचा, नाहीतर हेच रडगाणं पुन्हा.

टक्केटोणपे:
अवांतर: कॉकपिटच्या तळाला रंग कुठला लावलाय? माझा दर हंगामात सोलून निघतो. घासून, प्रायमर मारून सगळं झालं.

निळाई:
@टक्केटोणपे, प्रायमरआधी मेण काढलंत का? जुन्या फायबरवर बहुतेक तिथेच घोटाळा असतो. (हातमोज्यांबद्दलही वेगळा धागा हवा.)

वारेमाप:
रंगाचं राहू द्या ना. दोर 12 मिमी आहे. होडीबरोबरच आला. जाड असला की हाताला बरा लागतो.

सुकाणू:
सापडला. चाकाचा व्यास मोजा, काठापासून काठापर्यंत.

वारेमाप:
40 मिमी.

सुकाणू:
40 मिमी चाकाच्या बऱ्याच कप्प्यांना 10 मिमीपर्यंतच दोर चालतो. बनवणारा जास्तीत जास्त जाडी देतो, ती बघा. 12 मिमी दोर कप्पीच्या दोन्ही गालांना (बाजूच्या पट्ट्यांना) घासत असणार, वर उन्हाने आणि मिठाने कडक झालेला. वारा नसताना शीड उभं करा, क्लीटमधून दोर काढा आणि बूम हाताने बाहेर ढकला. दोर आपोआप सरकायला हवा. नाही सरकला तर 6:1 ने काही होणार नाही, अडकायला दोन जागा वाढतील.

दोरखंड:
किंवा 6:1 आणि पातळ दोर. दोन्ही करा, भांडण मिटलं.

जुना_खलाशी:
आधी एक करा, मग बघा. 8 मिमी पॉलिएस्टर, दुहेरी विणीचा, मऊ आवरणाचा. ताकदीला मुबलक. हाताला बारीक वाटला तर 9. लांबीसाठी बूम पूर्ण बाहेर काढून वरच्या कप्पीपासून खालच्या कप्पीपर्यंत माप घ्या, गुणिले 4, अधिक हातात राहायला 2-3 मीटर. कॅम क्लीटचे दातही बघा, 12 मिमीने झिजले असतील तर 8 घसरेल.

वारेमाप:
ढकलून पाहिलं. हातभर गेलं आणि थांबलं. दोर कप्पीत चक्क चपटा झालाय, गालांना आतून काळे ओरखडे पडलेत. चाकं मात्र दोर काढल्यावर बोटाने मस्त फिरतात. 8 मिमी मागवतोय. कप्प्या आहेत त्याच ठेवतो, 6:1 तूर्त रद्द.

दोरखंड:
वारा वाढला की आठवण काढाल माझी.

निळाई:
खालची तरी रॅचेट करा हो, जागा तीच, माप तेच.

सुकाणू:
रॅचेटचं पुढे बघता येईल. क्लीटचा कोन मात्र आत्ताच तपासा. बाहेर झुकून बसलं असताना एका झटक्यात दोर सुटला पाहिजे. आणि बूमवर वरची कप्पी एकाच जागी टांगली आहे का? मध्यावर सगळा भार एका बिंदूवर आला तर बूम वाकू शकतो. दोन ठिकाणी वाटून घ्या.

वारेमाप:
एकाच जागी आहे. आणि आता तुम्ही म्हणालात म्हणून पाहिलं, तर तिथलं एक रिव्हेट हलतंय, भोवती पांढरी पूड आहे. नवीन धागा काढू की इथेच विचारू?

जुना_खलाशी:
इथेच. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस एकत्र आलं आणि त्यात खारं पाणी गेलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, ही पूड त्याचीच. फोटो टाका. रिव्हेट कशाचे आहेत आणि भोक किती मोठं झालंय, ते मात्र या वेळी न विचारता सांगा.