ओपन सोर्समध्ये अंतर्गत लिस्ट हवीच कशाला?

रात्रीचा_पॅच
एका ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडच्या, एडिटर सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करतो. गेल्या पावसाळ्यात सेटिंग्जच्या खिडकीतल्या 40 ओळी 3 रात्री जागून लावल्या. त्यातली एक रात्र ‘टॅब’ला काय म्हणायचं यातच गेली. पाठवल्यावर उत्तर आलं: ती खिडकीच पुढच्या आवृत्तीत नाही, महिन्यापूर्वीच अंतर्गत मेलिंग लिस्टवर, म्हणजे गटातल्या सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलवर, ठरलंय. त्या लिस्टवर मी नाही. कोड सगळ्यांचा आणि निर्णय मोजक्यांचा, हे मला अजिबात पटत नाही. अपाचे ही ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणारी संस्था. तिथले लोक म्हणतात, लिस्टवर झालं नाही ते झालंच नाही. ती लिस्ट म्हणजे खुली, जिच्या जुन्या मेलचा साठा कोणीही वाचावा. बंद लिस्ट मोडीत काढा.

आवृत्ती_शून्य
तुमच्या जागरणाचं खरंच वाईट वाटलं. पण सगळंच उघड्यावर कसं चालेल? मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एक्सझेड या फाइल आकसणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं बॅकडोअर, म्हणजे आत शिरायची चोरवाट, सापडलं. त्यांनी आधी डेबियन या लिनक्स डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या तयार संचाच्या) सुरक्षा टीमला आणि सगळ्या डिस्ट्रोंच्या बंद लिस्टवर कळवलं, मग 29 तारखेला जाहीर केलं. अपाचेतही प्रत्येक प्रोजेक्टला प्रायव्हेट लिस्ट असतेच. अमक्याला कमिटर करावं, म्हणजे थेट कोड बदलायचा हक्क द्यावा, की नाही, याची चर्चा चव्हाट्यावर करणार का?

रात्रीचा_पॅच
माणसं आणि सुरक्षा, दोन्ही मान्य. खिडकी काढणं यातल्या कशात बसतं? त्या डिस्ट्रोंच्या लिस्टवर गुपित जास्तीत जास्त 14 दिवस ठेवता येतं. आमच्या लिस्टला कसली मुदतच नाही.

जुनी_गाठ
मुदतीचा प्रयोग डेबियनमध्ये झालाय. डेबियन-प्रायव्हेट या त्यांच्या अंतर्गत लिस्टवरच्या मेल 3 वर्षांनी खुल्या करायच्या, असा ठराव 2005 मध्ये मतदानाने झाला. प्रत्यक्षात एकही मेल त्या वाटेने बाहेर आली नाही. काम किचकट, करणारे स्वयंसेवक. शेवटी 2016 मध्ये पुन्हा मतदान घेऊन ठराव मागे घेतला. त्या लिस्टवर लोक सुट्टीवर जात असल्याचंही कळवतात. ते कोण चाळत बसणार? त्यापेक्षा अंतर्गत लिस्टवरच्या विषयांची नुसती शीर्षकं दर आठवड्याला खुल्या लिस्टवर टाका.

आवृत्ती_शून्य
नको. अमुक लायब्ररीत गडबड आहे, एवढं शीर्षकही हल्ला करणाऱ्याला पुरतं.

रात्रीचा_पॅच
मग सुरक्षेची लिस्ट वेगळी काढा, तिच्यावर चार जाणकार ठेवा. माणसांबद्दलची आणखी वेगळी. सुट्ट्या, सुरक्षा आणि खिडक्या एकाच लिस्टवर आहेत म्हणून सगळंच गुपित होऊन बसतं. खिडक्या खुल्या लिस्टवर आणा, एवढंच मागतोय.