आजारातून उठल्यावर ॲमस्टरडॅमच्या प्राइडला जावे की बेत पुढे ढकलावा?

अर्धविराम:

नमस्कार. प्रश्न लांबलेला आहे, कारण त्यात निम्मा आजार आहे आणि निम्मा संकोच, आणि मला ते दोन्ही वेगळे करून लिहिता आले नाहीत.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून प्राइडची, म्हणजे समलिंगी आणि इतर एलजीबीटी लोकांच्या वार्षिक उत्सवाची, जी नौकायात्रा निघते, ती पाहायला मी आणि माझा जोडीदार जाणार आहोत. तिकिटे फेब्रुवारीतच काढली होती आणि व्हिसाही हातात आहे. पाच आठवड्यांपूर्वी मला डेंगी झाला. सहाव्या दिवशी ताप उतरला, प्लेटलेट पूर्ववत झाल्या, पण अंगात त्राण म्हणून उरलेले नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो की कठडा धरून थांबावे लागते, आणि आंघोळ करून आलो तरी पुन्हा आडवे व्हावेसे वाटते. गेल्या रविवारी सराव म्हणून तासभर चाललो. त्या दिवशी काहीच वाटले नाही, पण सोमवार आणि मंगळवार अंथरुणात गेले. निघायला अकरा दिवस उरले आहेत.

मी समलिंगी आहे हे घरी कोणालाही माहीत नाही. कार्यालयाच्या कामासाठी जातो आहे असे सांगितले आहे. विम्याच्या अर्जात ‘आपत्कालीन संपर्क’ असा एक रकाना आहे, त्याच्यापुढे परवा रात्री अर्धा तास बसून होतो. भावाचा नंबर लिहिला आणि खोडला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदाच भर रस्त्यात, भर दिवसा जोडीदाराचा हात धरून उभे राहता येईल, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. तो म्हणतो, ‘तब्येत तुझी आहे, तू ठरवशील तसे.’ यात त्याचा चांगुलपणाच आहे, पण त्यामुळे ओझे सगळे माझ्याच डोक्यावर आले. अशा अवस्थेत कोणी असा प्रवास केला आहे का? केला असल्यास तो निभावला का?

रानजाई:

केला आहे, आणि तो निभावला नाही.

कावीळ होऊन दोन महिने झाले होते, रक्ताचे अहवाल चांगले आले होते, म्हणून मी आणि माझी मैत्रीण माद्रिदच्या प्राइडला गेलो. तिथला मोर्चा जून-जुलैच्या सांध्यावर असतो, अतोचा स्थानकाकडून प्रादोच्या रुंद रस्त्याने तो पुढे सरकतो, आणि संध्याकाळी निघाला तरी डांबर तापलेलेच असते. तास-दीड तासात माझे पाय लटपटू लागले. मी पदपथाच्या कडेवर बसले, आणि पुढचे दोन तास मला आठवतात ते फक्त लोकांच्या गुडघ्यांच्या उंचीवरून: चकचकीत बूट, गळून पडलेली चमकी, कुणाच्या तरी कुत्र्याची इंद्रधनुषी पट्टी. मैत्रीण माझ्याशेजारी बसून राहिली. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. परत आल्यावर तीन महिन्यांनी एका भलत्याच भांडणात ती म्हणाली, ‘माद्रिदलाही मी काही पाहिले नाही.’ तो आजार आम्हा दोघींना अजून पुरतो आहे.

प्राइड दरवर्षी असते. तुमचे शरीर तुम्हाला सोमवारी आणि मंगळवारी उत्तर देऊन चुकले आहे, असे मला वाटते.

नाडीपरीक्षा:

मी डॉक्टर आहे, परंतु तुमची डॉक्टर नाही; म्हणून जा किंवा जाऊ नका असे मी इथे लिहिणार नाही. पण काही गोष्टी तपासल्याशिवाय हा निर्णय करू नये.

डेंगीनंतर काही आठवडे थकवा राहणे नेहमीचे आहे आणि काहींच्या बाबतीत तो काही महिनेही रेंगाळतो. मात्र जिना चढताना थांबावे लागते हे सगळे डेंगीच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नका. हिमोग्लोबिन, यकृत, थायरॉइड आणि साखर एवढे तरी पाहून घ्या. धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल तर ईसीजीसुद्धा काढा. हिमोग्लोबिनचा आग्रह धरण्याचे कारण असे, की प्रवासी विमानाच्या आतला हवेचा दाब समुद्रसपाटीवरच्यासारखा नसतो. साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तितकाच तो राखलेला असतो. धडधाकट माणसाला हा फरक जाणवत नाही. रक्त कमी असलेल्याला जाणवू शकतो.

तुमच्या लिहिण्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे, श्रमांची किंमत तुम्ही त्याच दिवशी न मोजता दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मोजली. अशा थकव्यात ‘आज बरे वाटते आहे’ हा कौल फसवा असतो, आणि उत्सवाच्या गावी तर आजचा दिवस नेहमीच बरा वाटतो. तेव्हा निघण्यापूर्वी पुन्हा एकदा चालून पाहा, या वेळी निम्माच वेळ, आणि त्यानंतरचे दोन दिवस कसे जातात ते लिहून ठेवा. निम्म्या श्रमानेही तशीच घसरण झाली, तर रानजाई यांचे म्हणणे माझ्याही वतीने लिहिलेले आहे असे समजा.

जाणारच असाल तर काही व्यवहाराचे. चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो आणि महिनाभर अंथरुणाला खिळलेल्याने तो अधिक मनावर घ्यावा. कडेची जागा घ्या, उठत राहा, पाणी पीत राहा, आणि घट्ट मोज्यांची गरज आहे का ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत असावीत. खोकल्याचे औषध बरोबर घेत असाल तर त्यात कोडीन हे अफूच्या वर्गातले औषध आहे का ते पाहा, कारण वाटेत विमान बदलायचे असेल तर तिथलेही कायदे लागू होतात, आणि संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशात कोडीन आणि ट्रामाडोल हे वेदनाशामक यांच्यावर कडक नियंत्रण आहे. शेवटचे, विमा कंपनीपासून डेंगी लपवू नका. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते म्हणून आपण पॉलिसी घेतो आणि विसरतो, पण आधीचा आजार न सांगितल्याच्या कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो.

शेवटचा_डबा:

सहा वर्षे ॲमस्टरडॅममध्ये राहिलो आहे. माद्रिद आणि ॲमस्टरडॅम यांच्यात एक फरक आहे आणि तो या प्रश्नात कळीचा आहे. बहुतेक शहरांत प्राइड म्हणजे पदयात्रा. तिच्यात आपण चालतो. इथे १९९६ पासून मिरवणूक पाण्यावरून जाते, सुमारे ऐंशी होड्या एकामागून एक, आणि पाहणारा जागचा हलत नाही. थकलेल्या माणसाने एकच प्राइड निवडायची असेल तर ही निवडावी.

पण बसायला जागा मिळाली तर. प्रिन्सेनग्राख्ट कालव्याच्या काठावर पुढची जागा हवी तर लोक होड्या येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाण मांडतात, एकदा गर्दी दाटली की स्वच्छतागृहापर्यंत जाऊन परत येणे हाच एक प्रवास होतो, आणि मध्यभागातल्या ट्राम त्या दिवशी भरवशाच्या नसतात. म्हणून काठावर घर किंवा खिडकी असलेला कोणी ओळखीचा निघतो का ते आधी पाहा. नसेल तर आम्स्टेल नदीच्या रुंद पात्राजवळ, घडीचे स्टूल घेऊन, तासभर बसायचे आणि कंटाळा येण्याच्या आत उठायचे.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे जिने. तिथली जुनी घरे अरुंद आणि उंच आहेत, त्यांतच कित्येक छोटी हॉटेले आहेत, आणि जिना म्हणजे जवळजवळ शिडीच. सामान सोडाच, नुसते स्वतःला वर न्यायचे तरी दोरी धरावी लागते. दुसऱ्या मजल्यावर थांबावे लागणाऱ्याने हॉटेलला आजच्या आज विचारावे, लिफ्ट आहे का. विमानतळावर चाकांची खुर्ची मागायला लाजू नका. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ही मदत विनामूल्य असते, फक्त किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावे लागते.

आजारी पडलात तर सरळ इस्पितळात जायची तिथे पद्धत नाही. आधी हाउसआर्ट्स, म्हणजे कुटुंबवैद्य. नौकायात्रा शनिवारी असल्याने त्यांचे दवाखाने बंद असतील. अशा वेळी हाउसआर्ट्सेनपोस्ट नावाची सुटीच्या दिवसांची सेवा असते, तिथे फोन केल्याशिवाय जाऊ नये. जिवावर बेतले तर ११२.

आणि शनिवार साधलाच नाही, तर एखाद्या सकाळी लवकर वेस्टरकेर्क चर्चजवळच्या होमोमोन्युमेंट या स्मारकाकडे जा. १९८७ पासून ते तिथे आहे. गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण आहेत. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर जो गुलाबी त्रिकोण शिवत, त्याची ती खूण. एक त्रिकोण पायऱ्यापायऱ्यांनी कालव्याच्या पाण्यात उतरतो. त्या पायऱ्यांवर कोणीतरी ठेवलेली फुले बहुधा असतात, आणि तिथे दोघांनी हात धरून बसायला कसलीही ताकद लागत नाही.

रानजाई:

शेवटचा_डबा, पायऱ्यांचे वर्णन वाचून मलाच जावेसे वाटले. तरीही एक सांगते. ‘तासभर बसायचे आणि उठायचे’ हे घरी बसून ठरवता येते. तिथे समोरून होडी जात असते, हजारो लोक ओरडत असतात, आयुष्यात पहिल्यांदा आपण लपलेले नसतो, आणि अशा क्षणी ‘चल, आता हॉटेलवर’ असे कोण म्हणणार? माझ्याच्याने झाले नव्हते. म्हणून उठायची वेळ जोडीदाराने ठरवावी आणि त्यावर वाद घालणार नाही असे आजच कबूल करावे.

थांबा_जरा:

सर्वांनी प्रकृतीवर लिहिले, मी त्या रकान्याबद्दल लिहितो. आपत्कालीन संपर्क रक्ताच्या नात्यातलाच हवा असे सहसा नसते. ज्याला तुमच्याबद्दल सगळे माहीत आहे, जो रात्री तीन वाजता फोन उचलतो आणि तुमच्या घरच्यांना काय सांगायचे, काय नाही, हे ज्याला कळते, असा एखादा मित्र लिहा. त्याला आधी विचारा, पॉलिसीचा क्रमांक आणि पारपत्राची प्रत देऊन ठेवा. तिकडच्या डॉक्टरांशी जोडीदाराने बोलावे असे वाटत असेल तर ‘माझ्याबद्दलची माहिती याला द्यावी’ असे चार ओळींचे पत्र इंग्रजीत सही करून त्याच्या खिशात ठेवा. ज्या देशाने १ एप्रिल २००१ रोजी जगात सर्वांत आधी समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता दिली, तिथे तो तुमचा कोण, हे समजावत बसावे लागेल असे मला वाटत नाही. पण तुम्ही शुद्धीवर नसाल तेव्हा कागद उपयोगी पडतो.

आजारी पडल्यावर घरी खोटे सांभाळणे हा वेगळा थकवा आहे, हे अनुभवाने सांगतो. तो तुम्ही अकरा दिवस आधीच सुरू केला आहे.

अर्धविराम:

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस उत्तर दिले नाही, कारण तपासण्या चालू होत्या. हिमोग्लोबिन ९.६ निघाले, बाकी सगळे ठीक आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत आणि विमानप्रवासाला हरकत नाही असे म्हटले आहे, मात्र गोळ्यांचा गुण अकरा दिवसांत येत नाही हेही बजावले आहे.

हॉटेलला विचारले. खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. ते आरक्षण रद्द केले, शहराच्या मध्यापासून दूर पण लिफ्टचे घेतले. खुर्चीसाठी विमान कंपनीला कळवले आहे; फोनवरच्या बाईंनी कारण विचारलेसुद्धा नाही, आणि मी मात्र उत्तर पाठ करून बसलो होतो. उठायची वेळ जोडीदार ठरवणार, हे कबूल केले आहे. तो लगेच म्हणाला, ‘पंचेचाळीस मिनिटे.’ मी एक तास मागितला, तर वाद घालायचा नाही असे ठरले होते याची त्याने आठवण करून दिली.

रकान्यात कॉलेजातल्या मित्राचे नाव लिहिले. नाते विचारले होते, तिथे ‘मित्र’ लिहिताना हात अडखळला नाही.

आज अर्धा तास चालून आलो आहे. उद्या आणि परवा कसे जाते ते पाहून तिकीट ठेवायचे की तारीख बदलायची ते ठरवू; बदलायची मुदत परवा रात्री बारापर्यंत आहे.