नाक छातीला लावल्याने घोड्याची मान ‘मोकळी’ होते?

पागेतली: काल इथे एकाने लिहिलं, ‘नाक छातीला लागेपर्यंत मान गोल केली की मणके मोकळे होतात आणि पाठ उचलते.’ खाली नुसती वाहवा. राहवलं नाही म्हणून लिहितेय. मानेचे ७ मणके आयाळीखालून जात नाहीत. ते नागमोडी वळणाने जातात आणि खांद्यापाशी तर पार खाली असतात. लगाम खेचून डोकं आत घेतलं की घोडा कानामागच्या सांध्यात वाकत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याशी मोडतो. बाजूने बघा: कमानीचा सगळ्यात उंच भाग कानामागे हवा, तो मागे सरकलेला दिसेल.

दुडकी२०: ताई, अर्धंच सांगताय. मान वाकली की मणक्यांमधून नसा बाहेर पडतात त्या फटी रुंदावतात. उलट डोकं वर ताणलं की पाचव्या ते सातव्या मणक्यांपाशी त्या अरुंद होतात. कानामागून पाठीकडे जाणारा जाड बंध ताणला की पाठ वर येते, हे काय खोटं आहे?

पागेतली: खोटं नाही. पण त्यासाठी मान खाली आणि पुढे जायला हवी, आत नव्हे. आणि मज्जारज्जू दबून मागचे पाय झोकांड्या खाणारी कोवळी घोडी पाहिलीत का? तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांतला तो दाब मान वाकवल्यावरच वाढतो. माझ्या घोडीला आधीच्या शिक्षकाने रोज तासभर असं बांधून फिरवलं. गाजर बगलेपाशी नेलं की ती मान वळवायची नाही, डोकं तिरपं करून घ्यायची. एक्स-रेत सहाव्या-सातव्या मणक्यातल्या सांध्याचं हाड वाढलेलं निघालं.

दुडकी२०: एका घोडीवरून सगळ्यांना गुन्हेगार ठरवू नका! तो सांधा वयाने किंवा पडल्यानेही बिघडतो.

जुना मोतद्दार: तासाभराच्या स्वारीवर भांडताय, उरलेल्या २३ तासांचं काय? जिथे तिथे चारा डोक्याच्या उंचीवर टांगलेला. घोडा जमिनीवरून चरणारं जनावर आहे. डोकं खाली असलं की श्वासनलिकेतला कफ वाहून येतो. लांबच्या प्रवासात डोकं वर बांधलेले घोडे फुप्फुसांचा आजार घेऊन उतरलेले मी पाहिलेत.

टापा: जमिनीवर टाका आणि वाळू पोटात गेली की पोटशूळ तुम्ही निस्तरा.

जुना मोतद्दार: खाली रबरी चटई घाला.

टापा: चटईवर मुततात, अर्धा चारा तुडवतात. एक घोडी शूळाने गेलीय माझी, मला शिकवू नका.

जुना मोतद्दार: मग बुटकं, रुंद टोपलं ठेवा. छातीच्या वर काही नको, एवढंच म्हणतोय.

टापा: टोपलं चालेल.

पागेतली: मानेवर या कुणीतरी!

दुडकी२०: जोर लावून नको, हे मान्य. एफईआयनेही (घोडेस्वारी खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना) २०१० मध्ये जबरदस्तीने केलेलं अमान्यच ठरवलं. पण जोर न लावता खाली, खोल, गोल चालवायला त्यांची ना नव्हती, हेही सांगा की.

पागेतली: सांगते. पण जोर नव्हता हे स्वार कसं ठरवणार? दुडकीत लगाम हळूहळू सैल सोडा. नाक पुढे आणि खाली गेलं तर घोडा स्वतःहून गोल होता. डोकं वर झटकलं तर तुम्ही त्याला धरून ठेवलं होतं.

दुडकी२०: काल माझ्याने झटकलं होतं. उद्या परत बघतो.