आडनाव कसं लिहावं: डॅल्येल की डीएल?

मृण्मयी_प: ब्रिटिश संसदेवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. त्यात खासदार टॅम डीएल आहेत, १९७७च्या 'वेस्ट लोदियन प्रश्ना'मुळे (स्कॉटिश खासदारांनी फक्त इंग्लंडपुरत्या विषयांवर मत का द्यावं, हा प्रश्न) गाजलेले. मी उच्चाराप्रमाणे 'डीएल' लिहिलं, तपासणाऱ्यांनी स्पेलिंग पाहून 'डॅल्येल' केलं. काय ठेवू?

आडवळणी: 'डीएल'च. इंग्रजी डी आणि एल ही अक्षरं ओळीने म्हणा, जोर एलवर. या आडनावाचं एक स्पेलिंग झेड घालून आहे, पण उच्चारात झ नाही. जुन्या स्कॉट्स लिखाणात 'योघ' नावाचं अक्षर होतं, दिसायला ३सारखं, उच्चार बऱ्याचदा 'य'च्या जवळ. छापखान्याच्या खिळ्यांत ते नसायचं, म्हणून जुळाऱ्यांनी दिसायला जवळचा झेड बसवला. 'मेन्झीज'चा स्कॉटिश उच्चार 'मिंगिस', तोही यामुळेच. ब्रिटिश राजकारणी मेन्झीज कॅम्बेल यांना 'मिंग' म्हणत ते उगाच नाही.

गोदाकाठ: मग मॅकेन्झीचं काय? तिथला झेडही योघचाच, तरी आज ती मंडळी स्वतःच झ म्हणतात. रूढ झालं की ते बरोबर.

आडवळणी: त्यांनी स्वतः बदललं. डीएल मंडळींनी नाही. आडनाव कसं म्हणायचं हे ते लावणाराच ठरवणार.

जुनी_पाटी: अहो, अर्थ राहिलाच! घराण्याचं ब्रीद आहे 'मी धजतो'. स्कॉटलंडचा राजा दुसरा केनेथ याच्या आप्ताला शत्रूने फासावर लटकवलं. प्रेत काढून आणायला कुणी धजेना, तेव्हा एकजण 'मी धजतो' म्हणून पुढे झाला. त्याच्या भाषेतले ते शब्द म्हणजेच हे आडनाव. मला ही व्युत्पत्ती पटते.

आडवळणी: ही गोष्ट नावावरून मागाहून रचलेली. लॅनार्कशरमध्ये मदरवेलजवळ त्या नावाची जहागीरच होती. आपण गावाला 'कर' जोडतो, त्यांनी गावच लावलं. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत 'दाल' म्हणजे नदीकाठची शेतजमीन, 'ग्याल' म्हणजे पांढरा. पांढरं शेत.

जुनी_पाटी: मग ब्रीद आलं कुठून? सगळ्या जुन्या गोष्टी खोट्या ठरवायची घाई कशाला?

सई_नागपूर: खिळ्यांचं वाचून आपला ळ आठवला. हिंदीत टिळकांचं 'तिलक' छापतात. देवनागरीत ळ असताना! रूढ झालं म्हणून तेही बरोबर का, गोदाकाठ?

गोदाकाठ: हिंदी वाचकासाठी हो. आपण 'कलकत्ता' म्हणायचो तेव्हा बंगाल्यांना विचारलं होतं?

मृण्मयी_प: लेख उद्या द्यायचाय. 'डीएल' लिहून कंसात स्पेलिंग देऊ का?

सई_नागपूर: शहराचं वेगळं, माणसाच्या नावाचं वेगळं. दिल्लीत माझ्या काळे मावशींना सगळे 'काले' म्हणतात, त्या प्रत्येकाला थांबवून ळ म्हणायला लावतात.