मुलीने बॅटिंग सोडून फक्त ऑफस्पिन टाकायची का? दीप्ती शर्मा फॉलो करणाऱ्यांनी सांगा

नेरूळचा_बाबा
मुलगी १२ वर्षांची, बॅटिंग डावखुरी आणि बोलिंग उजव्या हाताने ऑफस्पिन. आता अकॅडमीतले सर म्हणतात बॅटिंगचं नेट बंद, फक्त बोलिंग कर. घरी दोन दिवस रडारड. २ नोव्हेंबर २०२५ ची महिला वर्ल्ड कपची फायनल डी. वाय. पाटील स्टेडियमला बघून आल्यापासून तिचं दीप्ती एके दीप्ती चालू आहे (पावसाने मॅच दोन तास लांबली तरी ही बया जागची हलली नाही). तर मला सांगा, दीप्ती इतकी वर्षं भारताच्या टीममध्ये टिकली ती बॅटर म्हणून की बोलर म्हणून? सरांशी बोलायचंय, मुद्दा हातात पाहिजे.

ऐरोली_थर्डमॅन
बोलर म्हणून. दादा, मे २०१७ मध्ये आयर्लंडविरुद्ध तिने ओपनिंगला १८८ मारले, पूनम राऊतबरोबर ३२० ची पार्टनरशिप, आणि दोनच महिन्यांनी लॉर्ड्सवर वर्ल्ड कप फायनलला ती आली कितव्या नंबरला तर सातव्या, १४ करून गेली आणि आपण ९ रननी हरलो. म्हणजे बॅटिंगची जागा तिची स्वतःची अशी कधी नव्हतीच, आज वर उद्या खाली, पण दहा ओव्हर पक्क्या. आणि बॉल काही हातभर वळत नाही तिचा, सपाट टाकते, टप्पा सोडत नाही, बॅटर वैतागून मारायला जाते. २०२५ च्या फायनलला साउथ आफ्रिकेच्या डर्कसेनला तर यॉर्करवर (थेट बॅटरच्या पायाशी पडणारा बॉल) उडवली, ऑफस्पिनर असून! तुमचे सर चुकीचं काही बोलत नाहीयेत.

कळव्याची_स्कोअरर
थर्डमॅन, अर्धंच सांगताय. त्याच डी. वाय. पाटीलला डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडविरुद्ध टेस्ट झाली, पहिल्या इनिंगला दीप्तीचे ६७ रन, मग ७ रनमध्ये ५ विकेट, दुसऱ्या इनिंगला अजून ४, आणि आपण ३४७ रननी जिंकलो. ६७ काय कोणी दान दिले का तिला? २०२५ चा वर्ल्ड कप घ्या, २१५ रन आणि २२ विकेट, एका वर्ल्ड कपमध्ये २०० रन आणि २० विकेट याआधी कोणालाच जमलं नव्हतं, पुरुषांत पण नाही. फायनलला ५८ आणि ३९ रनमध्ये ५. त्यांची कॅप्टन वोल्वार्ट १०१ वर होती तोपर्यंत माझ्या हाताला घाम, अमनजोतने तो कॅच तीनदा उडवत का होईना पकडला आणि त्याच ओव्हरला ट्रायन पण गेली, तिथे मॅच आपली झाली.

ऐरोली_थर्डमॅन
ताई मान्य, पण त्याच वर्ल्ड कपमध्ये इंदूरला इंग्लंडविरुद्ध काय झालं ते पण सांगा की. ४ विकेट काढल्या, वर ५० केले, आणि ऐन वेळी आउट होऊन ४ रननी हरलो. शेवटी मोठे फटके लागतात तिथे ती अडकते, हे मी आधीपासून बोलतोय.

ठाणे_वेस्ट_ऑफकटर
तुम्ही दोघं भांडत बसा. बाबा, मुलगी १२ ची आहे हो. दीप्ती स्वतः लहानपणी मीडियम पेस टाकायची, ऑफस्पिन नंतर आली, आणि आग्र्याला भावाबरोबर ग्राउंडवर गेलेली असताना भारताच्या माजी खेळाडू हेमलता कालांच्या नजरेत भरला तो तिचा थ्रो, ना बॅटिंग ना बोलिंग! एवढ्यात काय ठरवताय. मी दादोजी कोंडदेव स्टेडियमला पोरांना बघतो, नेटमध्ये गर्दी झाली की खालच्या नंबरच्या पोरांची बॅटिंग पहिली कापतात, त्यात टॅलेंटचा संबंध कमी आणि वेळेचा जास्त. सरांना सरळ विचारा, बॅटिंग जमत नाही म्हणून बंद केली की नेट पुरत नाही म्हणून? दुसरं कारण असेल तर बॅटिंग बाहेर कुठेतरी थ्रोडाउनवर (कोणीतरी जवळून हाताने बॉल फेकायचा, तिने मारायचा) चालू ठेवा, रोज अर्धा तास पुरे, आणि बोलिंग सर सांगतात तशी मनापासून करू द्या, कारण ट्रायलला ऑफस्पिनरला निदान बॉल तरी हातात मिळतो, आठव्या नंबरच्या बॅटरला पॅड घालून बसावं लागतं.

नेरूळचा_बाबा
नेट कमी पडतं हेच असणार, एका नेटला १४ पोरं आहेत. रविवारी विचारतो. सीवूड्स-नेरूळ भागात मुलींना थ्रोडाउन देणारं कोणी माहीत असेल तर मेसेज करा, संध्याकाळी सहानंतर.