जुनी चेनसॉ घेताना आधी सायलेन्सर खोला

भाऊ, तुम्ही विचारलंत की नागपूरच्या लकडगंजात दुकानदार चालू करून दाखवतो, मग जुनी चेनसॉ बिनधास्त घ्यावी का. नुसती चालू झाली म्हणून घेऊ नका. आधी इंजिनला हात लावून बघा. गरम असेल तर थंड होऊ द्या आणि मग स्वतः दोरी ओढा. थंड इंजिन कसं उठतं त्यावर बरंच कळतं.

त्यानंतर सायलेन्सरचे स्क्रू काढायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊच नका. एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून दोरी हळू ओढली की पिस्टनची बाजू दिसते. ती गुळगुळीत हवी. उभे ओरखडे दिसले तर ते इंजिन बहुधा पेट्रोलमध्ये ऑइल न मिसळता नाहीतर कमी ऑइलवर चाललंय. सिलिंडर-पिस्टनचा खर्च धरला की स्वस्त सौदा महागात पडतो.

कार्ब्युरेटरची मात्र भीती नको. आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने, त्यात आपला उन्हाळा, टाकीत पेट्रोल ठेवून दिलं की डायफ्राम, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा, कडक होतो. डायफ्रामचं किट बदललं की बहुतेक मशीन सुधारतात. गाइड बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी), चेन तर झिजणाऱ्याच वस्तू, त्यावर भाव पाडून घ्या.

संग्रहासाठी हवी असेल तर गोष्ट वेगळी. १९५९ ची Stihl कंपनीची ‘कॉन्ट्रा’ चेनसॉ बंद अवस्थेत मिळाली तरी मी सोडणार नाही.