एकटीने, एका दिवसात, एसटीने रत्नागिरी: बेत कसा आखावा?

प्रश्न – घाटीवळण

नमस्कार. मी राजापूर तालुक्यातल्या एका गावात राहते आणि गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाले. रत्नागिरीला आजवर किती वेळा गेले असेन याचा हिशेब नाही. पण प्रत्येक खेपेला मागे काही तरी काम होते, कधी जमिनीच्या दाव्याची तारीख, कधी सिव्हिलमध्ये असलेल्या सासऱ्यांचा डबा, कधी पेन्शनचे कागद, आणि काम उरकले की मिळेल ती गाडी धरून घर. तीस वर्षे ये-जा करूनही थिबा राजवाडा मी चालत्या रिक्षातूनच पाहिलेला आहे, हे लिहितानाही संकोच वाटतो.

आता मार्गशीर्षात, गुरुवारचा उपवास सोडून एखाद्या दिवशी, कोणतेही काम न काढता एकटीने जाऊन यावे असे मनात आहे. महामार्गाने जावे की आडिवरे-पावसमार्गे? सकाळी पोहोचून संध्याकाळी निघायचे तर काय काय पाहून होईल? गुडघे दुखतात, त्यामुळे फार चढ नको. आणि एकटी बाई जेवायला बसली तर अवघडल्यासारखे होणार नाही ना, हेही कुणी मोकळेपणाने सांगावे.

उत्तर – काजळीकाठ

ताई, जाताना सागरी मार्गाची गाडी मिळत असेल तर तीच धरा आणि डावीकडची खिडकी घ्या. ओणी, लांजा, पाली, हातखंबा हा रस्ता तुम्हाला तोंडपाठ असेल; पण कशेळी, गावखडीवरून मुचकुंदीची खाडी ओलांडून पूर्णगड, पावस आणि शेवटी भाट्याच्या पुलावरून शहरात शिरताना एका बाजूला काजळी नदीचे मुख आणि समोर राजिवडा दिसतो, तेव्हा कामासाठी आलेलो नाही हे आपोआप जाणवते. परतीला मात्र महामार्गच बरा, कारण त्या बाजूला गाड्या जास्त असतात.

सोमवार टाळा, त्या दिवशी राजवाड्यातले संग्रहालय बंद असते. इतर दिवशी ते उघडताच तिथे जा आणि निदान दीड तास द्या. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. हा राजवाडा तयार झाला तो 1910 साली, म्हणजे जवळजवळ चोवीस वर्षे इथे भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर, आणि 1916 मध्ये तर राजा वारला. एवढ्या मोठ्या वास्तूत त्याला जेमतेम सहा वर्षे मिळाली. अर्धगोल लाकडी खिडक्यांपाशी उभे राहून खाडीकडे पाहताना हे हिशेब डोक्यात असले की पाहण्यात फरक पडतो. त्याची समाधीही शहरातच, शिवाजीनगर भागात आहे. तिकडे फारसे कुणी फिरकत नाही. राणी सुपयालत 1919 मध्ये मायदेशी परतली, पण थोरल्या राजकन्येने पुढचे आयुष्य रत्नागिरीतच काढले.

तिथून रिक्षाने टिळक आळीत या. लोकमान्यांचा जन्म 1856 साली या घरात झाला आणि वडिलांची पुण्याला बदली होईपर्यंत, म्हणजे दहाव्या वर्षापर्यंत, ते रत्नागिरीत होते. घर कौलारू, बेताचे, अर्ध्या तासात पाहून होणारे आहे. पतितपावन मंदिरही शहरातच आहे. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांच्या पुढाकाराने भागोजीशेठ कीर यांनी ते 1931 साली सर्व जातींसाठी उभारले. दुपारी मांडवीच्या जेटीवर बसा. एवढे पुरे.

उत्तर – जांभा_दगड

वरच्या बेताशी सहमत आहे, पण रत्नदुर्ग वगळण्याशी नाही. रिक्षा बरीच वरपर्यंत जाते, आणि तीन बाजूंनी समुद्र असलेला किल्ला भगवती मंदिराच्या आवारातून सावकाश पाहिला तरी समाधान होते. गुडघ्यांसाठी काही सोडायचेच असेल तर दीपगृहाकडची पायपीट सोडा. रिक्षावाल्याला मात्र थांबण्याचे पैसे आधीच ठरवून घ्या.

उत्तर – ओणीची लेक

काकू, मी अशा फेऱ्या पुष्कळ केल्या आहेत, म्हणून गाडीविषयी लिहिते. रत्नागिरीत बसस्थानके दोन आहेत, मध्यवर्ती आणि रहाटाघर. उतरल्याबरोबर, काहीही पाहायला जाण्याआधी, चौकशीच्या खिडकीवर परतीची गाडी कुठून आणि किती वाजता सुटते ते विचारा आणि तिच्या पुढची गाडीही लिहून घ्या. मी एकदा वेळ अचूक पाठ करून चुकीच्या स्थानकावर पाऊण तास बसले होते; शेवटी हातखंब्यापर्यंत मिळाली ती गाडी पकडली आणि तिथे महामार्गावर उभे राहून दुसरी शोधली. अंधारात ते नको. थिबा पॉइंटवरच्या सूर्यास्ताचा मोह म्हणूनच सोडा. तो पाहायचा तर मुक्कामाला या.

जेवायचे म्हणाल तर साडेबाराच्या आत खानावळीत शिरा, गर्दी व्हायच्या आधी. ‘एकच ताट?’ असे विचारतात, तेव्हा ‘एकच’ म्हणून भिंतीकडचे टेबल धरायचे. सोलकढीची दुसरी वाटी येईपर्यंत आपल्याकडे कुणाचे लक्षही नसते. मार्गशीर्ष पाळत असाल तर माशांच्या वासाची तयारी ठेवा किंवा शाकाहारी खानावळ आधीच विचारून ठेवा.

घाटीवळण

सर्वांचे आभार. पुढचा बुधवार ठरवला आहे. सकाळी आडिवरेमार्गे जाईन आणि येताना महामार्गाने. किल्ला की समाधी यांतले एकच जमेल असे दिसते, आणि समाधीकडे कुणी फिरकत नाही हे वाचल्यापासून पाय तिकडेच ओढतो आहे. जांभा_दगड यांनी रागावू नये. मुलाला अजून सांगितलेले नाही. तो ‘काय काम होते?’ असे विचारील.